बसचालकाच्या फायलीतली तीन वाक्यं

१

बुधवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. पडद्यावरची अक्षरं होती तशीच राहिली.

ती एका बसचालकाची फाईल होती. सोमवारी तो समुपदेशनासाठी येऊन गेला होता आणि त्याच्या भेटीची नोंद अशी होती:

‘रात्रपाळीनंतर झोप लागत नाही. गाडी उभी असली तरी पाय ब्रेककडे जातो. बायकोशी बोलणं वाढलं आहे. शुक्रवारनंतर माझी वाट पाहू नका. सगळं लावून ठेवलं आहे, शोधावं लागणार नाही. कुणाला त्रास होणार नाही. पुढची भेट पंधरा दिवसांनी.’

मधली तीन वाक्यं कुणाची होती?

त्या मानसोपचार केंद्रात ताई एकोणीस वर्षं नोंदींचं काम करत होत्या. आधी त्या टाईप करायच्या. आठ महिन्यांपूर्वी डिक्टेशनचं यंत्र आलं. उपचार करणाऱ्यांनी माईकसमोर बोलायचं, यंत्राने लिहून घ्यायचं. जे लिहायला रोज दीड तास जायचा ते पंधरा मिनिटांत उरकू लागलं. नोंद लिहून झाली की आवाज आपोआप पुसला जाई, म्हणजे रुग्णाचं बोलणं कुठं शिल्लक राहायला नको. ताईंकडे आता एवढंच काम उरलं, यंत्राला जे नीट ऐकू आलं नाही ते दुरुस्त करायचं. यंत्र ‘भीती’चं ‘भिंती’ करायचं. ‘रुग्णाला एकटेपणा जाणवतो’ असं कुणी म्हणालं, तर ‘रुग्णाला एक टेप आणा जाणवतो’ असं लिहून मोकळं व्हायचं. विरामचिन्हं तर तोंडाने सांगावी लागत. पहिले काही दिवस बंद दारांआडून ‘पूर्णविराम’, ‘स्वल्पविराम’ असे आवाज यायचे आणि बाहेर बसलेले लोक एकमेकांकडे बघायचे. दार उघडं असलं तर बाहेरच्या बोळातलं बोलणंही आत शिरे. गेल्या महिन्यात एका विधवेच्या नोंदीत ‘साखर कमी टाका दोन कप वर पाठवा आणि सुटे घेऊन या’ असं सापडलं होतं.

ताई अशा गोष्टींवर एकट्याच हसायच्या, कारण त्यांच्या कोपऱ्यात दुसरं कुणी बसत नसे. आज मात्र त्या हसल्या नाहीत. शुक्रवार परवावर आला होता.

२

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी नोंद उभ्या उभ्याच वाचली.

“हे रुग्णाचं वाक्य आहे,” त्या म्हणाल्या. “तिने ऐकलं, यंत्रात बोलली आणि विसरली. असं वाक्य ऐकून कुणी पंधरा दिवसांनी बोलावतं का?”

ती म्हणजे केंद्रातली सगळ्यांत तरुण समुपदेशक. तिला सगळे धाकटी म्हणत. तिला बोलावलं, तेव्हा ती दारातच थांबली. नोंद वाचताना तिचे ओठ हलत होते.

“हे मी बोललेले नाही,” ती म्हणाली.

“मग कोण बोललं? फाईल तुझी, खोली तुझी.”

“मॅडम, मी अर्धी नोंद जेवायच्या सुट्टीआधी सांगितली. सव्वा वाजता उठले. दोनला परत आले आणि पुढच्या भेटीची तारीख सांगून बंद केलं.”

“वर काय लिहिलंय ते पाहिलं नाहीस?”

“नाही. पुढचा रुग्ण बसला होता.”

बसचालकाला फोन ताईंनीच लावला. तो डेपोत होता, मागे गाड्यांचा आवाज येत होता. त्याने तिन्ही वाक्यं शांतपणे ऐकून घेतली.

“बाई, मी हे म्हणालो असतो, तर त्या पोरीने मला खोलीबाहेर जाऊ दिलं असतं का?” तो म्हणाला. “मागं एकदा मी नुसतं म्हणालो, की आता कंटाळा आलाय सगळ्याचा. तर तिने माझ्या बायकोला बोलावून घेतलं, तासभर दोघांना समोर बसवलं. हे माझं नाही. पण ज्याचं कुणाचं असेल त्याला शोधा.”

मॅडमनी हे ऐकून घेतलं, पण त्यांचा विचार बदलला नाही. त्यांनी बसचालकाला दुपारीच बोलावून घेतलं आणि धाकटीला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. धाकटीने खोलीतली आपली पाण्याची बाटली घेतली, ओढणी सारखी केली आणि निघाली. जिन्यापाशी ताई तिच्यामागे गेल्या.

“अगं, सोमवारी तू जेवायला कुठं होतीस?”

“मागच्या खोलीत. काउंटरवरची मुलगी आणि मी दोघीच होतो. का?”

“आणि तुझ्या खोलीचं दार?”

“उघडंच होतं, ताई.” ती दोन पायऱ्या उतरून थांबली. “पण मला आता माझाच भरवसा वाटेना झालाय. दिवसाला नऊ माणसं ऐकते मी. म्हणाले असेन का मी हे?”



३

दुपारी बसचालक येऊन गेला. मॅडमनी त्याच्याशी पाऊण तास बोलून पाहिलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती.

“तो खरं बोलतोय,” त्या म्हणाल्या. “त्याच्या मनात तसं काही नाही.”

ताई आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांनी ती वाक्यं कागदावर उतरवून घेतली आणि पुन्हा पुन्हा वाचली. ‘माझी वाट पाहू नका.’ बाई बोलतेय की पुरुष, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. कुठं ‘आले’ नाही, ‘आलो’ नाही. आवाज तर यंत्राने केव्हाच पुसून टाकलेला.

तेवढ्यात यंत्रवाला आला. डिक्टेशनची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा तो माणूस, आठवड्यातून दोनदा चक्कर टाकायचा. ताईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचलं, डोकं खाजवलं आणि हसला.

“अहो, हा तर मीच.”

“तुम्ही?”

“शुक्रवारी माझा इथला शेवटचा दिवस. पुढच्या सोमवारपासून मला दुसऱ्या शहरात पाठवतायत. परवा दुपारी मी बोळात उभा राहून ऑफिसला फोन करत होतो. म्हणालो असेन, की शुक्रवारनंतर माझी वाट पाहू नका, सगळं लावून ठेवलंय. धाकट्या मॅडमचं दार उघडं होतं ना? घेतलं असेल यंत्राने.”

“आठवतं तुम्हाला?”

“शब्द न् शब्द कुठं आठवणार? पण असंच काहीतरी बोललो असेन.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. मॅडमनाही हायसं वाटलं. त्यांनी धाकटीला फोन करून उद्यापासून ये म्हणून सांगितलं, आवाज जरा खाली आणून. यंत्रवाल्याने दोनदा माफी मागितली. प्रकरण मिटलं. ती तीन वाक्यं खोडायची आणि फाईल बंद करायची, एवढंच राहिलं होतं.

४

गुरुवारी सकाळी ताई ती वाक्यं खोडायला बसल्या.

आदल्या संध्याकाळी त्या घरी नेहमीप्रमाणे साडेसहाला पोचल्या होत्या. दोन खोल्यांचं घर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ताई उभ्यानेच जेवायच्या, ओट्यापाशी. टेबलावर एकच ताट मांडायचं जिवावर येई. जेवता जेवता त्यांच्या मनात काहीतरी अडलं होतं. काय ते कळत नव्हतं.

आता त्यांनी पहिलं वाक्य निवडलं, पुसायच्या कळीवर बोट ठेवलं, आणि ते बोट तसंच राहिलं.

वाक्यापुढे पूर्णविराम होता.

त्यांनी दुसरं वाक्य पाहिलं. ‘सगळं लावून ठेवलं आहे’, मग स्वल्पविराम. ‘शोधावं लागणार नाही’, मग पूर्णविराम. तिसऱ्यापुढेही पूर्णविराम.

ताईंनी घाईघाईने विधवेची ती जुनी नोंद काढली. ‘साखर कमी टाका दोन कप वर पाठवा आणि सुटे घेऊन या’. बोळातलं बोलणं. त्यात एकही विरामचिन्ह नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. साखर कमी टाका पूर्णविराम, असं कोण बोलतं?

म्हणजे ही वाक्यं बाहेरून आत शिरलेली नव्हती. कुणीतरी माईकसमोर बसून ती सांगितली होती, चिन्हांसकट. आणि यंत्रवाला काय म्हणाला होता? ‘लावून ठेवलंय.’ फोनवर माणूस तसंच बोलतो. यंत्र जे ऐकतं तेच लिहितं. पडद्यावर ‘ठेवलं आहे’ असं सुटं, सावकाश होतं. दुसऱ्याने लिहून घ्यावं म्हणून माणूस बोलतो तसं.

त्यांनी यंत्रवाल्याला फोन लावला.

“सोमवारी सव्वा ते दोनच्या मध्ये धाकटीच्या खोलीत तुम्ही गेला होता?”

“नाही. त्या वेळी मी खाली गाडीत बसून तुमच्या सरांचं यंत्र उघडत होतो, बोळात नंतर आलो. त्यांचा माईक गेला होता.”

“म्हणजे सरांकडे सोमवारी यंत्र नव्हतं?”

“नव्हतं. मी म्हटलं, थांबा संध्याकाळपर्यंत. तर ते म्हणाले, काही हरकत नाही, धाकटीच्या खोलीत बसून उरकतो.”

ताईंनी फोन ठेवला.

५

केंद्रात माईकसमोर बोलणारी माणसं तीनच होती. धाकटी त्या वेळी काउंटरवरच्या मुलीबरोबर जेवत होती. मॅडम दर सोमवारी तीन वाजेपर्यंत दुसऱ्या रुग्णालयात असतात. उरले सर.

सर म्हणजे केंद्रातले सगळ्यांत जुने मानसतज्ज्ञ. ताई नोकरीला लागल्या तेव्हापासून संध्याकाळी पाच ते साडेपाच ते आपल्या नोंदी सांगायचे आणि ताई लिहून घ्यायच्या. मधेच पूर्णविराम म्हणून ते खिडकीबाहेर बघायचे आणि भलतंच काही बोलायचे. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला एकच मोजा, नाहीतर त्यांच्या बायकोने फोडलेलं थर्मामीटर. ते सगळं ताईंनी कधी टाईप केलं नाही. यंत्र आल्यापासून सर परस्पर माईकवर सांगू लागले. आठ महिन्यांत दोघांचं बोलणं बोळात मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं.

ताई डोळ्यांत तेल घालून सरांच्या नोंदी पाहू लागल्या. गेल्या महिन्यातल्या बैठकीत मॅडमनी त्यांचं कौतुक केलं होतं. दोन वर्षांची थकलेली कागदपत्रं सरांनी तीन आठवड्यांत पूर्ण केली, यंत्राचा केवढा फायदा झाला बघा, असं म्हणाल्या होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ताईंनीही. आता तेच कागद त्यांच्यापुढे होते. एकेक रुग्णाची फाईल शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण, आणि शेवटी तेच वाक्य: ‘पुढील उपचार धाकट्या समुपदेशकांकडे सोपवावेत.’ अकरा फायली पाहिल्या. अकरांतही तेच.

सगळं लावून ठेवलं आहे, शोधावं लागणार नाही.

सरांचा रजेचा अर्ज होता, शनिवारपासून, कारण ‘मुलीकडे जात आहे’. ताईंनी कर्मचाऱ्यांच्या यादीतून मुलीचा नंबर काढला. मुलगी दूर दुसऱ्या देशात होती. तिकडे नुकतंच उजाडलं असावं, आवाजात झोप होती.

“बाबा? आमच्याकडे?” ती म्हणाली. “नाही हो. काहीच कळवलं नाही त्यांनी. खरं सांगायचं तर दोन महिन्यांत आमचं बोलणंच नाही झालेलं. काय झालंय?”

“तुमचा फोन चालू ठेवा,” ताई म्हणाल्या. “मी करते परत.”

६

मॅडम आत रुग्ण तपासत होत्या. ताईंनी काउंटरवरच्या मुलीच्या हातात चिठ्ठी दिली, ‘रुग्ण उठला की लगेच सरांच्या खोलीत या’, आणि सरांचं दार ढकललं.

टेबलावर कागदाचा कपटा नव्हता. भिंतीवरची दिनदर्शिका काढून खिळा मोकळा केलेला होता.

“या ताई,” सर म्हणाले. “बऱ्याच दिवसांनी.”

ताई समोरच्या खुर्चीत बसल्या. ती रुग्णांची खुर्ची होती. त्यांनी तो कागद मांडीवर धरला. गोल गोल बोलायचं नाही, हे त्यांना माहीत होतं.

“सर, तुम्ही स्वतःचा जीव घ्यायचा विचार करताय का?”

सरांनी चष्मा काढला.

“असं सरळ विचारायला कुणी शिकवलं तुम्हाला?”

“एकोणीस वर्षं तुमच्याच नोंदी लिहिल्या. त्यात दर वेळी होतं, रुग्णाला थेट विचारलं.”

सरांनी हाताचा पंजा टेबलावर उलटा ठेवला आणि त्याकडे पाहत राहिले.

“हो,” ते म्हणाले.

बाहेर बोळात कुणाची तरी खुर्ची सरकली. ताई हलल्या नाहीत.

“मुलीला पत्र लिहायला बसलो होतो,” सर सावकाश म्हणाले. “तीनदा बसलो. हात पुढे सरकेना. मग वाटलं, सांगून बघू. सवयच ती. तीन वाक्यं झाल्यावर लक्षात आलं, की फाईल दुसऱ्याची उघडी आहे. नवीन पान घेतलं, छापून झाल्यावर तेही पुसलं. मागचं राहिलं असेल, असं वाटलं नाही.”

“त्या पोरीवर आळ आला होता.”

“काय सांगता?” सरांचा चेहरा पडला. “कुणाला त्रास होऊ नये म्हणून तर...” ते मधेच थांबले.

“कधीपासून असं वाटतंय?”

“ही गेल्यापासून थोडंथोडं. दिवसा बरं असतं. दिवसभर लोक बोलतात, मी ऐकतो. संध्याकाळी तुम्ही यायचात, तेव्हा अर्धा तास मी बोलायचो. मग घरी जाताना जरा रिकामं वाटायचं, हलकं. यंत्र आलं, काम अर्धा तास आधी संपायला लागलं. घरी लवकर पोचायला लागलो. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, ते मला कळेना.” त्यांनी मान वर केली. “यंत्राला नावं ठेवू नका हां. चांगलं आहे ते. धाकटी आता वेळेवर घरी जाते.”

“मला सांगायचं होतंत.”

“काय सांगणार? ताई, काम नाही तरी येऊन बसा म्हणून?”

“हो. तेच.” ताईंनी मांडीवरच्या कागदाची घडी घातली. “मीसुद्धा त्या आठ महिन्यांत पाच वाजले की उठून उभी राहायचे, सर. मग आठवायचं, की आता बोलावणं येणार नाही. आणि परत बसायचे.”

दार उघडून मॅडम आत आल्या. त्यांनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा त्या मोकळ्या टेबलाकडे, आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि सरांच्या शेजारी बसल्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या सगळ्यांना.”

“चांगल्या वाजवल्या होत्या,” सर म्हणाले. मग त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

७

जिथं कुणी ओळखीचं नसेल अशा रुग्णालयात जायचं ठरलं. मॅडमनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. मुलीला सरांनी स्वतः फोन केला. ताई तेवढा वेळ पाठ करून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मुलगी पहिल्या मिळेल त्या विमानाने निघणार होती. ती येईपर्यंत सरांना एकटं सोडायचं नाही, आणि घरातलं काय काय आधी हलवायचं, हे मॅडमनी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. धाकटी सरांची बॅग घेऊन गाडीपर्यंत आली. तिने सरांचा हात धरला. सरांनीच तिला सांगितलं, “त्या बसचालकाला पंधरा दिवसांनी नको, आठवड्याने बोलाव. त्याचा ब्रेकवरचा पाय उचलायचा अजून राहिलाय.”

त्या रुग्णालयात दुपारची गर्दी होती. नोंदणीच्या खिडकीत एक माणूस हाताने फॉर्म भरत बसला होता. त्याने मान वर न करता नाव, वय, पत्ता विचारला. सर सांगत गेले.

“सोबत कोण?”

“मी,” ताई म्हणाल्या.

“नातं?”

फॉर्मवर छापलेलं ताईंना उलटं दिसत होतं. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, इतर.

“इतर लिहा,” त्या म्हणाल्या.

“इतर नको,” सर म्हणाले. “बहीण लिहा.”

माणसाने बहिणीपुढे खूण केली. “मोठी का धाकटी?”

“मोठी,” ताई म्हणाल्या.

सरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “तुम्ही दोन वर्षांनी लहान आहात. तुमच्या नेमणुकीच्या कागदावर सही माझीच आहे.”

“असू दे,” ताई म्हणाल्या. “मोठीच लिहा.”

माणसाने लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी खिडकीतून बाहेर सरकवला. ताईंनी सही केली. मग दोघं भिंतीलगतच्या बाकावर शेजारी शेजारी बसले आणि आपला नंबर यायची वाट बघू लागले.